थैली फिरली त्या गावांतून सात दिवस

आमच्या मंडळीच्या महिला मंडळाची मी एकोणीस वर्षं खजिनदार आहे. मूठभर धान्याचे डबे, कापणीच्या सणाचा लिलाव, पाळकसाहेबांच्या निरोपाची वर्गणी, सगळं माझ्या वहीतून जातं. त्यामुळे या वेळी लेकीकडे न्यू जर्सीला गेले तेव्हा नायगारा नको म्हटलं. मला बघायची होती ती चर्चेस, जिथे दोनशे वर्षांपूर्वी एका विचित्र कामासाठी दानाची थैली फिरली होती.

काम असं, की अमेरिकेतल्या स्वतंत्र झालेल्या काळ्या लोकांना जहाजात बसवून आफ्रिकेत वसवायचं. डिसेंबर 1816 मध्ये वॉशिंग्टनला त्यासाठी अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटी निघाली, आणि तिच्याच खटाटोपातून लायबेरिया हा देश झाला. पैसा जमवायची रीत मात्र थेट चर्चमधली. आमचं नगरचं मिशन ज्या अमेरिकन मंडळींच्या दानावर 1831 मध्ये सुरू झालं, त्याच प्रकारच्या मंडळ्या, त्याच बाकांवरच्या बायका. हे मला कुणीतरी वर्षभरापूर्वी सांगितलं आणि ते डोक्यातून जाईना.

पहिला दिवस, शनिवार : बास्किंग रिज

लेकीच्या घरापासून गाडीने पाऊण तास. ऑक्टोबरची उन्हं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं हळदीकुंकवाच्या रंगाची. गाव लहान, नीटनेटकं, आणि मधोमध प्रेस्बिटेरियन चर्च. भोवती जुनं कब्रस्तान.

या कब्रस्तानात सहाशे वर्षांचा एक ओक होता. 2016 साली तो वाळला आणि 2017 मध्ये कापावा लागला. मी ज्या जागेकडे बघत उभी होते तिथे आता नुसतं गवत. त्याच्याच फळापासून वाढवलेलं तरणं झाड जवळ लावलंय म्हणे. कब्रस्तानातली पानं गोळा करणाऱ्या आजोबांनी हात पसरून मला जुन्या झाडाचा घेर दाखवला. हात पुरेनात, मग पावलं टाकून दाखवला.

त्या ओकाच्या सावलीत इथले पाळक रॉबर्ट फिन्ली वावरले. 1795 पासून 1817 पर्यंत ते इथेच होते, शाळाही चालवायचे. आत्ताची चर्चची इमारत त्यांच्या नंतरची आहे. सोसायटीची कल्पना पुढे रेटणारे ते मुख्य गृहस्थ. न्यू जर्सीने 1804 मध्ये कायदा केला होता, त्यानुसार पुढे जन्मणारी गुलामांची मुलं ठरावीक वर्षं राबून मोकळी होणार होती. म्हणजे मोकळ्या काळ्या माणसांची संख्या वाढणार हे दिसतच होतं, आणि फिन्लींना त्यांची गरिबी, त्यांची हेटाळणी बघवत नव्हती. माणूस दुष्ट नव्हता, हे आधी लिहून ठेवते.

पण 1815 च्या एका पत्रात त्यांनी या योजनेचे तीन फायदे मांडलेत. एक, आपण या लोकांपासून मोकळे होऊ. दोन, आफ्रिकेला थोडेफार सुधारलेले ख्रिस्ती लोक मिळतील. तीन, त्यांची स्वतःची स्थितीही सुधारेल. लेक म्हणाली, "मम्मी, क्रम बघितलास?" मी बघितला होता. वर्गणीचं पत्रक लिहिताना सगळ्यात आधी काय लिहायचं, यावर आम्ही मंडळात तासन्तास भांडतो. पहिल्या ओळीवर पैसे येतात.

(जाणाऱ्यांसाठी : न्यूअर्कहून ग्लॅडस्टोन मार्गाची लोकल थेट बास्किंग रिजला थांबते. चर्च आतून बघायचं असेल तर रविवारी उपासनेला जा. एरवी कब्रस्तान आणि बाहेरची पाटी एवढंच.)

दुसरा दिवस, रविवार : फिलाडेल्फिया

सकाळी लवकर निघून सहाव्या रस्त्यावरच्या मदर बेथेल चर्चला उपासनेला गेलो. ही जागा रिचर्ड अॅलन यांनी 1791 मध्ये घेतली. जन्माने गुलाम, स्वतःची किंमत स्वतः फेडून सुटलेला माणूस. पहिलं चर्च म्हणजे एक लोहाराचं दुकान होतं, ते उचलून इथे आणून ठेवलं. आज उभी आहे ती चौथी इमारत, लालसर दगडाची, आत रंगीत काचांतून येणारा उजेड.

दारातल्या पांढऱ्या हातमोज्यांच्या बाईंनी माझी साडी बघून मला सरळ पुढच्या बाकावर नेऊन बसवलं. मागे बसायची सवय असलेल्या बाईला हा केवढा संकोच! गाणं सुरू झालं आणि संकोच गेला. आमच्याकडे टाळ-मृदुंगावर रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन रंगतं ना, तेव्हा म्हातारेही डोलायला लागतात, तसंच. दानार्पणाच्या वेळी मी दहा डॉलरची नोट टाकली आणि मनातल्या मनात वहीत लिहिली. सवय.

मी आले होते ती जानेवारी 1817 च्या एका सभेसाठी. सोसायटी निघून महिना झाला नव्हता, तोच या चर्चमध्ये शहरातले काळे लोक जमले. जेम्स फोर्टन अध्यक्षस्थानी. जहाजांची शिडं बनवणारा हा धनाढ्य कारखानदार. त्यांनी पॉल कफी या काळ्या जहाजमालकाला नंतर लिहिलं, की निदान तीन हजार लोक होते आणि आफ्रिकेला जाण्याच्या बाजूने एकही जीव नव्हता. गंमत म्हणजे फोर्टन आणि अॅलन यांना स्वतःला ही कल्पना अगदीच वाईट वाटत नव्हती. मंडळीने पुढाऱ्यांना फिरवलं. ठरावाचा आशय असा, की आमचे पूर्वज इथे आपल्या मर्जीने आले नव्हते, पण या रानटी जमिनीत पहिली मशागत त्यांनी केली, तिच्या फळांवर आमचा हक्क आहे, आणि गुलामीत अडकलेल्या भावंडांना सोडून आम्ही आपल्या मर्जीने जाणार नाही.

तळघरात छोटं संग्रहालय आहे आणि तिथेच अॅलन यांची कबर. संग्रहालय बघायचं तर आधी फोन करून वेळ ठरवा. आम्ही केला नव्हता. त्या हातमोजेवाल्या बाईंनीच कुणाला तरी हाक मारून दार उघडून घेतलं. प्रत्येकाला असं नशीब लाभेल असं नाही.

दुपारी भूक लागली तेव्हा लेकीने गाडी नैऋत्य फिलाडेल्फियाच्या वूडलँड अॅव्हेन्यूकडे वळवली. तिथे लायबेरियन लोकांची मोठी वस्ती आहे. एका अरुंद खानावळीत आम्ही कसाव्याच्या पाल्याची भाजी आणि भात मागवला. पाला बारीक कुटून पामच्या लाल तेलात शिजवलेला, त्यात मासा आणि कोंबडी दोन्ही, आणि वर मिरचीचा असा जाळ, की नगरच्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी यावं. मालकीणबाईंना माझी ही दशा आवडली. त्या समोर येऊन बसल्या.

मी भाबडेपणाने विचारलं, "तुमचे पूर्वज इथूनच गेलेले का?"

त्या हसल्या. "काँगो लोक गेले. आम्ही तिथलेच. ते आले तेव्हा आम्ही घरीच होतो." अमेरिकेतून गेलेल्यांच्या वंशजांना तिकडे काँगो म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. त्या आहेत तिथल्या बासा जमातीच्या. 1821 मध्ये तिथल्या किनाऱ्यावरच्या केप मेसुराडोची जमीन घेताना अमेरिकन नौदलाच्या अधिकाऱ्याने तिथल्या राजावर पिस्तूल रोखलं, ही गोष्ट त्यांनी आपल्या आजीकडून ऐकलेली. मोबदला काय, तर बंदुका, दारू, तंबाखू, मणी असलं सामान. मग 1847 मध्ये देश स्वतंत्र झाला तरी राज्य बाहेरून आलेल्यांचंच, ते 1980 च्या बंडापर्यंत. "आमच्या देशाच्या मुद्रेवर लिहिलंय, स्वातंत्र्याच्या प्रेमाने आम्हाला इथे आणलं," बाई म्हणाल्या. "माझ्या आजीला कुणी आणलं नव्हतं." आणि मला अजून भात वाढला. पैसे घेतले नाहीत त्या वाढणीचे.

बास्किंग रिजच्या पाळकांनी जे काम काढलं, त्यात दोन मंडळींना विचारायचं राहिलं होतं. एकीला मी सकाळी भेटले, दुसरीला दुपारी. हा माझा हिशोब.

तिसरा दिवस, सोमवार : वॉशिंग्टन, आणि कोलंबस आडवा आला

गाडी लेकीच्या मैत्रिणीकडे सोडून रेल्वेने वॉशिंग्टनला गेलो, जेमतेम दोन तास. सोसायटीचे कागद जिथे ठेवलेत त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दारात पोचलो तेव्हा कळलं, की आज कोलंबस डे, वाचनकक्ष बंद. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार ही सरकारी सुटी असते हे लेकीला वीस वर्षं तिथे राहून आठवलं नाही. मी काही बोलले नाही. खरं तर बोलले, पण इथे लिहीत नाही.

मग दिवस सत्कारणी लावायला माउंट व्हर्ननला गेलो. जॉर्ज वॉशिंग्टन यांचं घर, बारा महिने उघडं. बाकीचे लोक घर बघत होते, मी थेट समाधीकडे गेले. समाधीसमोर दोन दगडी स्तंभ आहेत, त्यातला एक बुशरॉड वॉशिंग्टन यांचा. जॉर्ज यांचे पुतणे, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, आणि सोसायटीचे पहिले अध्यक्ष. 1829 मध्ये मरेपर्यंत अध्यक्षच. याच गृहस्थांनी 1821 मध्ये इथले 54 गुलाम लुइझियानाच्या गिऱ्हाइकांना विकले. म्हणजे लेटरहेडवर मोकळ्या लोकांचं कल्याण आणि घरी हा व्यवहार. पोटोमॅक नदीवर त्या वेळी सुरेख ऊन पडलं होतं. शाळेच्या सहलीतली मुलं उतारावरून लोळण घेत होती. मी स्तंभाजवळच्या बाकावर बसून घरून आणलेला मेथीचा ठेपला खाल्ला.

चौथा दिवस, मंगळवार : कागद

नऊला लायब्ररीच्या मॅडिसन इमारतीत. पासपोर्ट दाखवला, फोटो काढला, वाचकाचं कार्ड हातात, एक पैसा न घेता. हस्तलिखितांच्या कक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. पर्स, जाकीट, पिशवी सगळं लॉकरमध्ये. सोसायटीचे कागद लाखाच्या वर आहेत, पण ते मायक्रोफिल्मवर बघायचे. मूळ कागद हाताळायला मिळतील या आशेने जाऊ नका.

पत्रांचं वळणदार अक्षर वाचताना माझे डोळे पाणावले. भावनेने नव्हे, चष्म्याचा नंबर बदललाय. शेवटी मी छापील 'आफ्रिकन रिपॉझिटरी'कडे वळले. सोसायटीचं हे मासिक 1825 मध्ये सुरू झालं, आणि शेवटच्या पानांवर दानाच्या याद्या छापायचे. इथे मात्र मी घरी आल्यासारखी रमले.

काय पद्धतशीर काम! सोसायटी देशभरच्या पाळकांना गळ घालायची, की 4 जुलैला किंवा त्याच्या जवळच्या रविवारी या विषयावर प्रवचन द्या आणि थैली फिरवा. स्वातंत्र्यदिनी हात सैल सुटतो हे कुणा हुशार माणसाने ओळखलं होतं. वर्षाला एक डॉलर दिला की सभासद, एकदम तीस डॉलर दिले की आजीव सभासद. आणि इथे बायका येतात. मंडळीतल्या बायका तीस डॉलर जमवायच्या आणि आपल्या पाळकाच्या नावाने भरायच्या. पाळकसाहेब आजीव सभासद, नाव छापून येणार, आणि पुढच्या 4 जुलैला ते प्रवचनाला नाही म्हणणार नाहीत. एका दगडात तीन पक्षी. बड्यांसाठी वेगळी योजना होती. न्यूयॉर्कच्या गेरिट स्मिथ यांनी सुचवलेली, वर्षाला शंभर डॉलर, दहा वर्षं. पुढे त्याच स्मिथांनी सोसायटी सोडली आणि ते गुलामीविरोधकांना जाऊन मिळाले.

यादीत ओळीमागून ओळ. गाव, चर्च, पाळकाचं नाव, रक्कम. रकमा पाच-दहा डॉलरच्याही, पुढे सेंटसुद्धा लिहिलेले. ते सेंट बघून मला भरून आलं, खरंच. सेंट म्हणजे कुणीतरी रुमालाची गाठ सोडली. आमच्याकडे कापणीच्या सणाला एक आजी दरवर्षी एकच अंडं आणते. लिलावात ते शंभराला जातं, आणि मी पावती तिच्या नावाने फाडते.

पण माझ्या वहीत काय आणि त्या यादीत काय, एक रकाना दोन्हीकडे नव्हता. गेल्या वर्षी आम्ही कोपीवरच्या, म्हणजे झोपड्यांतल्या, ऊसतोड कामगारांना ब्लँकेटं वाटली. साठ ब्लँकेटं, फोटोसकट. एक बाई ब्लँकेट घेऊन म्हणाली, "ताई, पाण्याचं पिंप मिळंल का? लई लांबून आणावं लागतं." मी 'बघू' म्हटलं आणि वहीत ब्लँकेटचा हिशोब लिहिला. पिंप लिहायला जागाच आखलेली नव्हती.

सगळेच जण ढकलून पाठवलेले नव्हते, हेही त्या कागदांत दिसतं. रिचमंडचे लॉट कॅरी तंबाखूच्या वखारीत राबून पैसे साठवून सुटले. तिथल्या काळ्या बॅप्टिस्टांनी 1815 मध्ये आपली स्वतःची आफ्रिकन मिशनरी सोसायटी काढली, स्वतःच पै-पै जमवली आणि 1821 मध्ये कॅरींना पाठवलं. हार्टफर्डचे फोटोग्राफर ऑगस्टस वॉशिंग्टन 1853 मध्ये आपण होऊन गेले. त्यांनी काढलेले लायबेरियाच्या सिनेटरांचे फोटो याच लायब्ररीत आहेत. सुटाबुटातली माणसं, ताठ, छायाचित्राच्या काचेतून आपल्यालाच जोखणारी. 1867 पर्यंत सोसायटीने तेरा हजारांहून अधिक लोक पोचवले. पहिल्या वर्षांत तापाने मेलेले त्यांत बरेच. 1820 च्या पहिल्या जहाजाबरोबर गेलेले पाळक सॅम्युएल बेकनसुद्धा काही महिन्यांत गेले.

संध्याकाळी पावसाला सुरुवात झाली. छत्री लॉकरमध्येच राहिली.

पाचवा-सहावा दिवस : बॉस्टन

विमानाने बॉस्टन. हवा एकदम कोरडी, नाक झोंबवणारी. स्वेटर न्याच.

पार्क स्ट्रीट चर्च त्याच नावाच्या भुयारी स्टेशनाबाहेर पडलं की समोर. उंच पांढरा मनोरा. याच चर्चमध्ये 4 जुलै 1829 ला विल्यम लॉइड गॅरिसन यांनी पहिलं मोठं भाषण केलं. वय 23. गॅरिसन म्हणजे गुलामीचा कट्टर शत्रू, हे पुस्तकांत असतं. पण ती सभा कॉलनायझेशन सोसायटीची होती, 4 जुलैच्या दानार्पणाची! त्यांनी गुलामीवर आसूड ओढले खरे, पण आफ्रिकेत वसाहत हा उपाय तेव्हा त्यांनाही मान्य होता.

मग बाल्टिमोरला काळ्या लोकांत वावरल्यावर त्यांचं मत पालटलं. 1832 मध्ये त्यांनी सोसायटीविरुद्ध आख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याचा दुसरा भाग कशाचा, तर गावोगावच्या काळ्या लोकांच्या सभांचे ठराव. फिलाडेल्फियाचा तो 1817 चा ठरावही त्यात आहे. मला हे फार आवडलं. नुसती स्वतःची अक्कल पाजळली नाही, त्यांचे कागदही छापले.

तिथून चढ चढत जॉय स्ट्रीटवरच्या आफ्रिकन मीटिंग हाउसला. 1806 ची विटांची साधी इमारत. माझ्या गुडघ्यांनी वाटेत तीनदा थांबायला लावलं, तिन्ही वेळा लेक 'फोटो काढू' म्हणाली, शहाणी आहे. जानेवारी 1832 मध्ये, बाहेर हिमवादळ असताना, इथल्या तळमजल्यावरच्या शाळेच्या खोलीत गॅरिसन आणि मोजक्या लोकांनी न्यू इंग्लंडची गुलामीविरोधी सोसायटी स्थापली. पार्क स्ट्रीटच्या उंच मनोऱ्यापासून ही खोली पायी दहा-पंधरा मिनिटांवर. गॅरिसनना अडीच वर्षं लागली.

खाण्याचं म्हणाल तर क्लॅम चावडर घेतलं. पिठूळ, गोडसर, पांढरं. मी लेकीच्या पर्समधला लाल ठेचा काढला. शेजारच्या टेबलावरच्या काकांनीही चमचाभर मागून घेतला आणि पुढची पाच मिनिटं ते पाणी पीत होते.

सातवा दिवस, शुक्रवार : विल्यम्सटाउन

बॉस्टनहून भाड्याच्या गाडीने तीन तास. रेल्वे जात नाही. वाट डोंगरातून, मोहॉक ट्रेलची, आणि ऑक्टोबरात तिच्यासाठीच जावं अशी.

विल्यम्स कॉलेजच्या मिशन पार्कमध्ये गवतात एक संगमरवरी खांब आहे, वर पृथ्वीचा गोल. 1806 च्या उन्हाळ्यात पाच विद्यार्थी प्रार्थनेला जमले, वादळ आलं, ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले, आणि परदेशी मिशन काढायचं ठरलं. खांबावर पहिलं नाव सॅम्युएल मिल्स. त्या प्रार्थनेतून अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था निघाली आणि याच कॉलेजचे गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईला उतरले. आम्ही नगरचे ख्रिस्ती त्या धाग्याच्या या टोकाला.

मिल्स स्वतः आपल्याकडे आले नाहीत. त्यांना कॉलनायझेशन सोसायटीने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वसाहतीसाठी जमीन हेरायला पाठवलं. परतताना जून 1818 मध्ये ते जहाजावर वारले, समुद्रातच दफन. हॉल 1826 मध्ये नाशिकच्या बाजूला पटकीने गेले. एकाच गंजीतून निघालेल्या दोन काड्या. एकीबद्दल माझ्या मनात लहानपणापासून कृतज्ञता आहे, आणि दुसरी त्याच हातांनी, त्याच प्रार्थनेने पेटवलेली. खांबाला हात लावून मी बराच वेळ उभी राहिले. संगमरवर थंडगार. प्रार्थना केली, पण कुठल्या शब्दांत ते जमेना, म्हणून प्रभूची प्रार्थना म्हटली, मराठीत.

तेवढ्यात फोन वाजला. नगरला रात्रीचे साडेनऊ. मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा मेसेज : "ताई, कोपीवरची माणसं यायला लागली. यंदा ब्लँकेटं किती सांगू? साठ की ऐंशी? दुकानदार ऐंशीवर सूट देतोय."

मी लिहिलं, "थांबा. मी आल्यावर आधी कोपीवर जाऊन येऊ."

लगेच उत्तर आलं, "सूट सोमवारपर्यंतच आहे."